तापीकाठचे भुंगेरे

सिंगणपोरच्या बंधाऱ्यामुळे आपल्या सुरतेत तापीचे वरच्या अंगाचे पाणी गोडे राहते. खालच्या अंगास भरती-ओहोटीचा अंमल असतो. वरच्या काठी ओल्या रेतीतला दगड उलथला, की तांदळाच्या दाण्याएवढे काळसर, चकचकीत भुंगेरे चपळाईने पळतात. त्यांना झुरळाची पिले समजून चिरडणे अन्यायाचे होय. कॅराबिडी कुळातील हे भुंगेरे बहुतांशी मांसाहारी. बारीक कीटक व अळ्या खाऊन ते शेतकऱ्यांस साह्यच करतात.

ओळख भिंगाखाली पटते. पाठीवरचे दोन कठीण पंख मध्यावर सरळ रेषेत मिळतात. त्यांवर बहुधा बारीक चर असतात. मिशा दोऱ्यासारख्या, ११ पेरांच्या. मागच्या पावलाची पेरे अवश्य मोजावीत : ५ असल्यास हे कुळ संभवते, ४ असल्यास भुंगेरा निराळ्या कुळाचा. पाणभुंगेऱ्याचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात.

नेमकी जात ठरविणे तज्ज्ञांचे काम. अँड्र्यूज यांनी भारतातील या कुळावर १९२९ व १९३५ साली दोन खंड लिहिले, यावरूनच त्याचा पसारा ध्यानी यावा. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो : स्थळ, तारीख व कुळ एवढेच लिहा, अंदाजाचे नाव लिहू नका. आणि दगड होता तसा पुन्हा ठेवा.