पट्ट्याला मोकळं रान लागतं

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या लढाईच्या खेळात २०२२ साली भारतीय राजवटींचा नवा संच आला. त्यातल्या द्रविड फौजेत एक पायदळी गडी आहे, उरुमीवाला. उरुमी ही केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेतली तलवार, कमरेभोवती गुंडाळता येईल इतकी लवचीक. हा गडी थोडा वेळ दम साठवतो आणि मग एकाच फटक्यात समोरच्यासोबत आजूबाजूच्यांनाही लोळवतो. वाशीमजवळच्या अनसिंगमध्ये बसून एखादं पोर हे खेळत असेल, तर त्याला ही शुद्ध थाप वाटेल. एक माणूस, एक वार आणि चार-पाच जण गारद?

थाप आहे खरी, पण निम्मीच. उरलेलं निम्मं समजून घ्यायला केरळात जायची गरज नाही. आपला दांडपट्टा आहे की.

पट्टा हातात धरायचा नसतो, हातात घालायचा असतो. कोपराच्या जवळपास येणारं लोखंडी कवच, आत मुठीत पकडायला आडवा दांडा आणि पुढे लांबलचक, सरळ, दुधारी, लवतं पातं. कितीतरी जुन्या पट्ट्यांची पाती युरोपातून आलेली. मूठ इथली, पोलाद फिरंग्यांचं. एकदा हात आत गेला की मनगट बंद. साधी तलवार मनगटाने खेळवता येते, वार अर्ध्यात वळवता येतो. पट्ट्यात ते जमत नाही. कोपरापासून टोकापर्यंत सगळं एकच लांब पातं झालेलं असतं आणि ते हलवायचं तर खांदा, कंबर आणि पाय लागतात. म्हणून पट्टेकरी जागेवर उभा राहत नाही. पवित्रा बदलत, गिरक्या घेत तो स्वतःभोवती फिरतं पातं ठेवतो आणि त्या घेरात जो शिरेल तो कापला जातो. खेळातल्या उरुमीवाल्याचा ‘भोवतालच्यांनाही इजा’ हा नियम पट्ट्याच्या बाबतीत असा शरीरशास्त्रातूनच निघतो. मला तर हे खेळातल्या जादूपेक्षा जास्त अचाट वाटतं.

मग थाप कुठे आहे? खेळात उरुमीवाल्याचा फटका फक्त शत्रूला लागतो. खेटून उभ्या असलेल्या सोबत्याला ओरखडाही येत नाही. खऱ्या पट्ट्याला असा दुजाभाव ठाऊक नाही! डाव्या-उजव्या बाजूचा आपला माणूसही त्याच घेरात येतो. म्हणजे हे शस्त्र खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या रांगेचं नव्हेच. ते एकट्याने अनेकांना थोपवायचं शस्त्र. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शिवाजी महाराजांचा पाठलाग अडवला, त्या प्रसंगाच्या चित्रांत आणि कथांत त्यांच्या हाती पट्टा असतो तो उगाच नाही. अरुंद वाटेत शत्रू एका वेळी थोडेच पुढे येतात आणि पातं फिरवायला जागा आपल्यापुढे मोकळी राहते.

दाटीत कोणतं हत्यार चालतं, हे बघायला अनसिंगकरांनी आपल्या शेजारच्या गावाचाच इतिहास उघडावा. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगला जवळचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाचं मोठं भित्तिचित्र आहे. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने पायदळ. त्या शिपायांच्या हातात ढाली आहेत आणि आखूड, रुंद पात्याच्या तलवारी. बरोबरच आहे. हत्तीच्या पायाशी, सोबत्यांच्या गर्दीत लांब पातं फिरवणार कुठे? पात्याची लांबी गर्दी ठरवते.

पट्ट्याचं आणखी एक दुखणं प्रतापगडाखाली दिसलं. १० नोव्हेंबर १६५९. अफजलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर धावला आणि महाराजांसोबतच्या जिवा महालाने त्याचा हात तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण त्यातलं तंत्र कुणी बघत नाही. पट्ट्याचं कवच कोपराशी संपतं. वर दंड आणि खांदा उघडे, आणि वार तर खांद्यातूनच येणार. हात उगारला की तो उघडा भाग समोरच्याला मिळतो. जिवा महाला स्वतः पट्ट्यात तरबेज असल्याने त्याला ती जागा नेमकी ठाऊक असणार, असं मी धरून चालतो. खेळात मात्र उरुमीवाल्याला लांबून बाण मारले की झालं. तो चपळ मारणारा, पण चिलखताने दुबळा. इतकी व्यवहारी बुद्धी त्या खेळ बनवणाऱ्यांनी दाखवली, हे कबूल केलं पाहिजे.

२०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण विदर्भातल्या आखाड्यांना शासनाच्या शिक्क्याची वाट बघावी लागली नव्हती. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. आजही मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकात पट्टेकरी जमिनीवरची लिंबं कापतो. मनगट बंद असताना, गिरकीच्या वेगात, अख्खं पातं खांद्याने एका लिंबावर आणायचं आणि मातीत न घुसवता उचलायचं. बघे मागे सारल्याशिवाय वस्ताद हे सुरू करू देत नाहीत.