समुद्रांना देशांची नावे कोणी दिली?

हिंदी महासागर, अरबी समुद्र, जपानचा समुद्र ही नावे वाचताना त्या पाण्यावर त्या देशाची मालकी असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अशी नावे बहुधा किनाऱ्यावरच्या लोकांनी नव्हे, तर तिकडे निघालेल्या परक्या दर्यावर्दींनी व नकाशाकारांनी ठेवलेली आहेत. नागपूरच्या इतवारीतील भंडारा रोडला ते नाव आहे ते रस्ता भंडाऱ्याकडे जातो म्हणून, भंडाऱ्याचा त्यावर हक्क आहे म्हणून नव्हे. समुद्रांच्या बाबतीतही बव्हंशी हाच न्याय लागू पडतो.

कोकणासमोरचे पाणी याची उत्तम साक्ष देते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये, म्हणजे बंदरांची व मालाची क्रमवार माहिती देणाऱ्या ग्रंथात, सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण व तेर या घाटावरच्या बाजारपेठा येतात, मात्र या सागराला तो एरिथ्रियन, म्हणजे तांबडा समुद्र म्हणतो, आणि आज आफ्रिका व अरबस्तान यांमधल्या चिंचोळ्या पाण्यापुरते उरलेले हे नाव तेव्हा थेट भारतापर्यंत पसरलेले होते. पुढे अरब भूगोलकारांनी त्याला ‘बहर अल-हिंद’, म्हणजे हिंदचा समुद्र म्हटले, तर युरोपीय नकाशांवर त्याचाच वायव्य भाग अरबी समुद्र ठरला. कोकणातल्या कोळ्यांना मात्र तो नुसता दर्या आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे वर्णन आहे, पण त्या विशेषणात कोणत्याही देशाचे नाव नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला दिशा पुरते. दक्षिण चीन समुद्राला चिनी लोक स्वतः दक्षिण समुद्र म्हणतात, तर व्हिएतनामी लोक पूर्व समुद्र.

१९२१ मध्ये मोनॅको येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन संस्थेने, म्हणजे सागरी नकाशांत एकवाक्यता आणणाऱ्या संस्थेने, १९२८ साली समुद्रांच्या नावांची व सीमांची पुस्तिका काढली, आणि सैल वापरातली नावे पक्की झाली. तिच्या १९५३ च्या आवृत्तीत अरबी समुद्र व लक्षद्वीप समुद्र यांमधील रेषा कारवारजवळच्या सदाशिवगडाच्या दीपगृहापासून निघते. काळी नदीच्या मुखावरचा हा गड दोन समुद्रांची जागतिक सीमाखूण आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

नाव पक्के झाले की त्याला राजकीय वजन येते. सागरी हक्क किनाऱ्यापासूनच्या अंतरावर ठरतात, नावावर नव्हे, हे १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातून स्पष्ट असूनही फिलिपिन्सने २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्रातील आपल्या बाजूच्या पाण्याला पश्चिम फिलिपीन समुद्र असे अधिकृत नाव दिले. कोरियाची तक्रार त्याहून खोल आहे, कारण १९२८ ची पुस्तिका निघाली तेव्हा तो देश जपानच्या अमलाखाली होता आणि ‘जपानचा समुद्र’ या नावावर त्याला बोलताच आले नाही. १९९२ पासून दोन्ही कोरिया हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर मांडत आले आहेत. अखेर २०२० मध्ये जलालेखन संस्थेने नव्या संगणकीय संचात समुद्रांची ओळख नावांऐवजी क्रमांकांनी ठेवण्याचे ठरवले.