लॅपटॉपचे झाकण घरी रंगवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉपच्या झाकणावर मारलेला रंग किती टिकेल, हे रंगाच्या किमतीपेक्षा त्याखालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. चांगल्या कंपनीचा स्प्रे आणला की काम झाले, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. थोड्याच दिवसांत कडांपासून पापुद्रे सुटू लागतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा या पृष्ठभागातच सापडते.

झाकण कशाचे आहे, हे आधी पाहावे लागते. बहुतेक स्वस्त लॅपटॉपचे झाकण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट-एबीएस मिश्र प्लास्टिकचे असते. मॅकबुकसारख्या लॅपटॉपचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असून त्यावर अ‍ॅनोडायझिंग केलेले असते, म्हणजे धातूच्याच पृष्ठभागावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण ऑक्साइडचा थर वाढवून त्याची सूक्ष्म छिद्रे बंद केलेली असतात. धातूवर रंग घट्ट बसतो, हा समज इथे उलटा पडतो. छिद्रे बंद झालेल्या त्या थरावर रंगाला धरायला जागाच उरत नाही. तिसरा प्रकार मऊ रबरी लेपाच्या झाकणांचा. जुन्या थिंकपॅडवर तो दिसतो. असा लेप दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की चिकट होतो, आणि वरून रंग मारून तो चिकटपणा झाकता येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लेप मुळापासून काढावा लागतो. काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

रंगकामापूर्वी थिनरने पुसण्याची सवय लोखंडी दारांसाठी ठीक आहे. प्लास्टिकच्या झाकणावर मात्र थिनर किंवा अ‍ॅसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर लावला, तर एबीएस विरघळू लागते आणि पॉलिकार्बोनेटवर बारीक तडे उठतात. हाताच्या तेलाचा थर काढायला आधी साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे असते.

पॉलिश पेपर घासल्याने झाकण खराब होते, असे समजून अनेक जण ही पायरी गाळतात. खरे तर चकाकी जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसू लागला, की तो रंग धरायला तयार झाला असे समजावे. 400 नंबरचा पेपर इथे साधारण योग्य ठरतो. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक असतो, पण खरेदी करताना अनेकांची समजूत नेमकी उलटी असते. झाकण स्क्रीनपासून सुटे केलेले नसेल, तर पाणी लावून घासू नये. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी वीजवाहक असते. म्हणून लॅपटॉप स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करावा आणि पोर्ट, बिजागरीजवळच्या फटी व हवेची छिद्रे घासण्याआधीच मास्किंग टेपने बुजवावीत. घासताना अ‍ॅनोडायझिंग निघून उघडे अ‍ॅल्युमिनियम दिसू लागले, तर तिथे एच (etch) प्रायमर लागतो. प्लास्टिकसाठी प्लास्टिक प्रायमर वेगळा मिळतो. भिंतीचा प्रायमर यांपैकी कशालाच चालत नाही.

प्रायमर व रंग नीट धरले आहेत का, हे झाकणाला हात लावण्याआधी त्याच प्रकारच्या भंगारातल्या तुकड्यावर पाहता येते. रंग पूर्ण वाळल्यावर धारदार ब्लेडने 6 उभ्या व 6 आडव्या रेघा ओढून बारीक चौकटी पाडायच्या, त्यावर टेप दाबून लावायची आणि ओढून काढायची. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर पकड चांगली आहे. रंग उद्योगातल्या आयएसओ 2409 चाचणीचे तत्त्व हेच आहे.

रंगाचा एकच जाड हात मारला की ओघळ येतात आणि आतले द्रावक अडकून राहते. 20 ते 25 सेंटीमीटर अंतरावरून तीन-चार पातळ हात मारावेत. फवारा झाकणाच्या कडेबाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवावा, म्हणजे सुरुवातीचे जाड थेंब झाकणावर पडत नाहीत. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत; डब्यावर वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळावी. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लॅकरवर पांढुरकी झाक येते. ती रंगातल्या भेसळीने येते असे वाटते, पण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतली वाफ साचते, हे तिचे खरे कारण आहे. कडक उन्हात ठेवणेही घातक, कारण वरची साय आधी वाळते व आत बुडबुडे धरतात. शिवाय स्क्रीन तापते.

रंगाने लॅपटॉप तापेल ही भीती निराधार आहे. उष्णता मुख्यतः खालच्या भागातून व छिद्रांतून बाहेर पडते. छिद्रे मोकळी राहिली की पुरे. वाय-फायचे अँटेना मात्र अनेकदा स्क्रीनच्या वरच्या कडेला असतात. साध्या रंगाने त्यांना अडचण येत नाही. तांबे, चांदी किंवा निकेलयुक्त वीजवाहक रंग तिथे वापरू नये.

शेवटचा पारदर्शक लॅकर केवळ चमक आणण्यासाठी असतो असे नाही. हाताच्या व बॅगेच्या घर्षणापासून रंगाला तोच वाचवतो. यातला टूके (2K, हार्डनर मिसळायचा) लॅकर सर्वांत टणक, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. एन-95 मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. म्हणून घरच्या कामाला साधा, हार्डनर नसलेला वनके (1K) लॅकर बरा, तोही मोकळ्या हवेत आणि वाफेसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क लावून. स्प्रेमधला वायू पेट घेऊ शकतो, म्हणून गॅसची शेगडी व देवघरातले निरांजन आधी विझवावे.

अर्ध्या तासात हाताला लागेनासा झालेला रंग वाळलेला नसतो. पूर्ण टणक व्हायला आठवडा किंवा जास्त लागतो. तोवर लॅपटॉप बॅगेत घातला, तर कापडाची वीण रंगात उमटते.