शिखर कुठं पळून जात नाही!

मुलांनो, आधी एक कोडं घालते. पाण्याची बाटली ठेवताना तुम्ही तिचं तोंड वर ठेवता की खाली? "हा काय प्रश्न झाला, बाई?" असंच म्हणाल ना? पण बर्फाच्या डोंगरावर झोपण्यापूर्वी आमच्या गाइडभैयांनी आम्हाला सगळ्या बाटल्या घट्ट झाकण लावून उलट्या ठेवायला लावल्या. का बरं? विचार करून ठेवा. उत्तर पुढं येईलच.

डिसेंबरअखेरची सुट्टी होती. मी, हे, आमची दहा वर्षांची लेक आणि माझ्या बहिणीचा चौदा वर्षांचा मुलगा असे चौघं निघालो केदारकंठाला. आम्ही साताऱ्याचे. ऊन, धूळ आणि काळा दगड आमच्या ओळखीचा. बर्फ पाहिलेला तो फक्त फ्रीजमधला आणि गोळेवाल्याकडचा! त्यामुळं दोन महिने दर रविवारी पाठीवर पिशव्या घेऊन अजिंक्यतारा चढायचा, असा नेमच केला होता. आणि चढताना मी मुलांना सारखी बजावत होते, "काय वाट्टेल ते झालं तरी शिखर गाठल्याशिवाय परतायचं नाही हं!"

हे वाक्य लक्षात ठेवा. ते मला फार महागात पडणार होतं.

कळसूबाईहून उंच गाव

केदारकंठा हा डोंगर उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची साधारण ३,८०० मीटर, म्हणजे जवळजवळ साडेबारा हजार फूट. देहरादूनहून जीपनं डोंगरांतून सुमारे २०० किलोमीटर गेलं, की सांकरी नावाचं गाव लागतं. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी गावच त्याहून उंचावर आहे! कोकणात पावसासाठी उतरती छपरं असतात ना, तशी इथंही दिसतात. पण इथं पाऊस आणि बर्फ दोन्ही खाली घसरायला हवेत.

जसजसं उंच जावं तसतशी थंडी वाढते. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. हवाही विरळ होते. प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण केदारकंठाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. म्हणून तिथं पळायचं नाही, हळूहळू चालायचं. सगळ्यांत मागचा जो असेल, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आमच्यात मागची कोण? अर्थातच मी!

पहिल्या दिवशी देवदारांच्या रानातून चढून जुडा का तालाब या तळ्याकाठी मुक्काम केला. तळं पार गोठलेलं होतं. आता कोड्याचं उत्तर घ्या. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि वरच आधी गोठतं. तळ्याचं जे होतं, तेच बाटलीचं. बाटली उभी ठेवली तर बर्फ तोंडाशी धरतो आणि सकाळी घोटभर पाणी निघत नाही. उलटी ठेवली तर बर्फ तळाकडं आणि तोंड मोकळं!

"मग बर्फच खाल्ला तर?" भाच्यानं विचारलं. गाइडभैया हसले आणि मान हलवली. १ ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती जाते आपल्याच अंगातून. थंडीत अंगाची ऊब म्हणजे तिजोरीतले पैसे. ते असे उधळायचे नाहीत.

"उंगलियाँ हिल रही हैं?"

दुसऱ्या दिवशी आणखी वर, शिखराच्या पायथ्याच्या तळावर पोचलो. गुडघाभर बर्फ. मुलांनी गोळे मारामारी केली, बर्फाचा मारुती केला. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून बुटावरून पोटरीपर्यंत गेटर बांधायचे असतात. लेकीनं खेळताना ते काढून ठेवले. बुटात बर्फ गेला, वितळला, मोजे भिजले. ती कुणाला काही बोलली नाही.

पहाटे तीनला निघालो. डोक्याला विजेरी, बुटांच्या तळाला काटेरी साखळ्या. थोड्या थोड्या वेळानं गाइडभैया प्रत्येकाला विचारायचे, "उंगलियाँ हिल रही हैं?" सगळे म्हणायचे, "हाँ!" लेकही म्हणायची, "हाँ!"

मुलांनो, आमची लेक म्हणजे रेडिओ. बंदच होत नाही. त्या पहाटे तो रेडिओ हळूहळू गप्प झाला. मग ती दोनदा अडखळली. मी थांबले. "काय गं, पाय दुखतो?" नुसती मान हलवली. "बोटं हलतात का?"

तिचे डोळे भरून आले. "आई, कळतच नाहीये."

बूट काढला. आतला मोजा ओलागच्च आणि पायाची बोटं खडूसारखी पांढरी! माझ्या तर पोटात गोळाच आला. मी बोटं चोळायला गेले, तर गाइडभैयांनी माझा हात धरला. "दीदी, रगडना नहीं." बधिर झालेली कातडी चोळली तर तिला आणखी इजा होते. शेकोटीजवळ नेली तर भाजलेलंही कळत नाही. मग काय करायचं? ह्यांनी जाकीट उघडलं आणि लेकीचा पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेऊन वरून पांघरूण घातलं. दहा-पंधरा मिनिटांनी ती कळवळून रडायला लागली. गाइडभैया म्हणाले, "अच्छा है, रोने दो." बोटांत रक्त परतलं की झिणझिण्या येतात, दुखतं. दुखणं हीच त्या वेळी चांगली बातमी होती. कोरडे मोजे चढवले, गूळ-शेंगदाणे आणि गरम पाणी दिलं.

मग मी विचारलं, "अगं, आधी का नाही सांगितलंस?"

ती हुंदके देत म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, शिखर गाठल्याशिवाय परतायचं नाही! मी सांगितलं असतं तर माझ्यामुळं सगळ्यांना परतावं लागलं असतं."

काय उत्तर देणार होते मी? वर्गात रोज "खरं बोला" म्हणून शिकवणारी बाई, आणि घरच्या लेकीला खरं सांगायची भीती मीच घातली होती.

परत फिरलो

शिखर समोर दिसत होतं. तासा-दीड तासाची चढण असेल. पण एकदा गारठलेली बोटं पुन्हा गारठली तर जास्त धोका. आम्ही चौघंही परत फिरलो. भाच्यानं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळं त्याचा चेहरा एवढासा झाला. खाली तळावर येईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही.

तळावर आलो तेव्हा उजाडत होतं. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूँछ या शिखरांवर आधी गुलाबी, मग सोनेरी ऊन पडलं. चहाचा पेला हातात घेऊन भाचा माझ्याशेजारी येऊन बसला. "मावशी, एक सांगू? रागावणार नाहीस ना? माझं रात्रीपासून डोकं ठणकतंय. मळमळतंय पण."

ऐकलंत? यानंही लपवलं होतं! उंचावर डोकं दुखणं, मळमळणं ही विरळ हवा सोसत नसल्याची खूण असते. तशात आणखी वर चढायचं नसतं. दुखणं वाढलं तर सरळ खाली उतरायचं. त्याच सकाळी आम्ही सांकरीला उतरलो. उतरता उतरता भाच्याचं डोकं थांबलं. लेकीची बोटं डॉक्टरांना दाखवली. ती ठणठणीत आहेत.

पालकांनो, तुम्हीही मुलांना बर्फात न्या, जरूर न्या. आधी डॉक्टरांना विचारा. वयाची अट आणि वनखात्याचे नियम चौकशी करून घ्या, जाणता स्थानिक गाइड बरोबर ठेवा. सुती कपडे टाळा, ते ओले झाले की वाळत नाहीत. लोकरीचे जादा मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवा. ताज्या बर्फावरून ऊन डोळ्यांवर उलटतं, म्हणून काळा चष्मा हवाच. आणि रोज झोपण्यापूर्वी मुलांचे पाय स्वतःच्या हातानं तपासा. निघण्याआधी घरात एक वाक्य मात्र मोठ्यानं म्हणा: "कुणीही, कधीही 'परत फिरू या' म्हणू शकतं. त्याला कुणी हसणार नाही."

सुट्टी संपून शाळेत गेले. वर्गानं गलका केला, "बाई, शिखरावर झेंडा लावलात?" मी म्हटलं, "नाही रे, अर्ध्यातून परत आले." आणि सगळी गोष्ट सांगितली. वर्ग चिडीचूप. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचा एक मुलगा टेबलापाशी येऊन घुटमळला. हळूच म्हणाला, "बाई, मला फळ्यावरचं दिसत नाही. मी शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो."

आता त्याला चष्मा लागलाय आणि तो पहिल्या बाकावर बसतो. केदारकंठाला आम्ही पुन्हा जाणार आहोत. तो आहे तिथंच आहे. तुमच्याही बुटात एखादा ओला मोजा लपलेला असेल, तर आजच घरी सांगून टाका, बरं का!