डोंगर कोणाचा, कमाई कोणाची?

शिरोड्याहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता रेडीत शिरतो, तेव्हा मातीचा रंग गडद लाल होतो. वेंगुर्ला तालुक्याचे हे शेवटचे टोक. पुढे तेरेखोल, म्हणजे गोव्याची हद्द. येथील डोंगरात लोहखनिज आहे. अनेक दशके ते खणले गेले आणि जहाजांत भरून बाहेर गेले. त्याच्या आधारावर उषा इस्पातचा कच्च्या लोखंडाचा कारखाना येथे उभा राहिला. पुढे तो टाटा मेटॅलिक्सकडे गेला आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत बंद झाला. त्याच कंपनीचा खडगपूरचा कारखाना मात्र चालू राहिला. भांडवल एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊ शकते. रेडीच्या कामगाराला आपले घर, विहीर आणि म्हातारे आईवडील उचलून खडगपूरला नेता येत नाहीत.

भांडवलशाही चांगली की समाजवाद, हा वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो. कोकणाला हा वाद नवा नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै 1957 पासून आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते 1991 पर्यंत राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. दोघेही समाजवादी. मनीऑर्डरवर जगणाऱ्या या प्रदेशाला, देशाच्या संपत्तीत गरिबाचाही वाटा असावा, हे म्हणणे पटले होते.

भांडवलशाहीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. उद्योगपती धोका पत्करतो, रोजगार देतो. खाणीमुळे ट्रक फिरले, अनेकांच्या चुली पेटल्या. परंतु नफा हाच एकमेव निकष झाला की काय होते, हे शेजारच्या गोव्याने पाहिले. शाह आयोगाच्या अहवालानंतर 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाचे खाणकाम थांबवले. एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. म्हणजे पाच वर्षे डोंगर खणले जात होते, कायदेशीर पट्टा नसताना!

मग सर्व काही सरकारच्या हाती द्यावे का? सोव्हिएत संघाने ते करून पाहिले. तेथे एकही खासगी कंपनी नव्हती. कापसाचे उत्पादन वाढवण्यासाठी 1960 नंतर मध्य आशियातील आमू आणि सीर या नद्यांचे पाणी कालव्यांत वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानातील मोयनाक हे एके काळी मासेमारीचे भरभराटीचे बंदर होते. आज तेथे समुद्र नाही. गंजलेल्या बोटी वाळूत पडल्या आहेत. तेथील मुस्लिम मच्छीमाराला विचारा, मालक कंपनी होती की सरकार, याने त्याच्या जाळ्यात काय फरक पडला?

वाचक हो, येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग आठवावा. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत तो आला आहे. हजरत अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी यमनमधील मआरिबची मिठाची खाण मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती त्यांना दिली. ते निघून जात असताना एकाने लक्षात आणून दिले की, ही खाण म्हणजे कधी न आटणारे, सहज हाती येणारे पाणीच आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत घेतली.

अब्यज (रजि.) हे सहाबी होते. त्यांचा काही अपराध नव्हता. तरीही जे सर्वांच्या उपयोगाचे आहे ते एकाच्या हाती जाऊ नये, म्हणून दिलेला शब्द बदलला गेला. पाणी, गवत आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, हीही शिकवण हदीसमध्ये आहे. जमिनीच्या पोटातून मेहनतीने काढाव्या लागणाऱ्या खनिजांबाबत फिक्हच्या इमामांत मतभेद आहेत. मालिकी मतानुसार खाणी राज्याच्या अखत्यारीत राहतात. पण संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, हा सूरह हश्रचा आदेश सर्वांना मान्य आहे.

इस्लामने व्यापार हलाल ठरवला, खासगी मालकी मान्य केली. प्रेषित (स.) स्वतः व्यापारी होते. त्याचबरोबर व्याज हराम केले, जकात फर्ज केली आणि वारसाहक्काने संपत्तीचे वाटप केले. मालक कोणीही असो, त्याच्याकडे ती अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागता येतो, आणि वेळ आली तर ती परतही घेता येते.

असा हिशेब मागण्याचे मार्ग आज आपल्या कायद्यातही आहेत. गोव्याच्या त्याच निकालात खनिजाच्या विक्रीतील 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश झाला, कारण खनिजावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, तर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना 10 टक्के इतकी जादा रक्कम या निधीत भरावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात प्राधान्य आहे. आपल्या गावाला त्यातून काय मिळाले, हे ग्रामसभेत विचारले पाहिजे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. आणि ग्रामसभेला पुरुषांबरोबर घरातील स्त्रियांनीही गेले पाहिजे. विहिरीचे पाणी लाल झाले की आधी त्यांनाच कळते.

शेवटी आपल्या घराकडे पाहू. कोकणातील कितीतरी कातळ आणि डोंगर आजही सामाईक सातबाऱ्यावर आहेत. एक भाऊ मुंबईत, एक कुवेतला, बहीण सासरी. दलाल भाव सांगतो आणि भाऊ कुळमुखत्यारपत्रावर सह्या करून मोकळे होतात. बहिणीला तिचा हिस्सा मिळाला का? त्या डोंगरातून ज्यांच्या विहिरींना पाणी येते, त्या शेजाऱ्यांना कोणी विचारले का? मोठ्या कंपन्यांवर टीका करण्यापूर्वी हे दोन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. बहिणीचा वाटा दाबणारा भाऊ आणि गावाचा वाटा दाबणारी कंपनी यांच्यात फरक फक्त रकमेचा आहे.

अल्लाह आपल्याला अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.