कल्पित इसमाचा टपालपत्ता

ज्या इसमाच्या जन्माची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरी नाही, त्याच्या नावे जगभरातून टपाल यावे आणि त्याची उत्तरे धाडण्यासाठी एका प्रतिष्ठित वित्तसंस्थेने पगारी चिटणीस नेमावा, हा प्रकार लंडनच्या बेकर स्ट्रीटवर खरोखर घडला. आर्थर कॉनन डॉईल यांनी शेरलॉक होम्सला २२१ बी हा पत्ता बहाल केला, तेव्हा त्या रस्त्यावरील घरांचे क्रमांक तेथवर पोहोचतच नव्हते. पुढे फेररचनेत तो क्रमांक ज्या इमारतीच्या वाट्याला आला, तीत १९३२ पासून ॲबी रोड (पुढे ॲबी नॅशनल) या गृहकर्ज संस्थेची कचेरी थाटली गेली आणि होम्सच्या नावच्या साऱ्या फिर्यादी कर्जाच्या अर्जांबरोबर तिच्या माथी आल्या.

खुद्द जनक मात्र या मानसपुत्राला पुरता कंटाळला होता. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात डॉईल यांनी त्याला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यापाशी मृत्युमुखी धाडले. संतप्त वाचकांनी वर्गण्या बंद केल्या, आणि अखेर १९०३ साली, वाचकांच्या आर्जवांमुळे की प्रकाशकांच्या घसघशीत मानधनामुळे (माझा कौल मानधनाला), होम्स पुन्हा अवतरला. २००२ मध्ये तर ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने या अस्तित्वहीन रसायनज्ञाला मानद फेलो केले. हयात उमेदवारांनी यावर काय म्हणावे?

नवख्या वाचकांनी आरंभ १८९२ च्या ‘ॲडव्हेंचर्स’ या कथासंग्रहापासून करावा; १८८७ ची पहिली कादंबरी मागाहून वाचावी, कारण तिच्या उत्तरार्धात कथानक अमेरिकेत जाते आणि नायक बराच काळ बेपत्ता राहतो.