शिक्का जमातीवर नको



विहिरीवरची मोटार चोरीला गेली, की गावाचं पहिलं बोट पारध्यांच्या पालाकडं जातं. शिवारात हिंडताना आम्ही हे नेहमी ऐकतो.

हा शिक्का आला कुठून? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंदलेल्या जमातीत जन्मला, की माणूस संशयित! शेजारच्या सोलापुरात अशी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला; संशय मात्र गेला नाही. ज्याला कोणी कामावर घेत नाही, त्यानं सरळ वाटेनं जायचं तरी कसं? आपल्याच तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला पारधी समाजाची मुलं शाळा शिकली, हेही पाहावं.

गावाचा धाक हवाच. चोरी झाली तर पोलीस पाटलांना कळवा, फिर्याद द्या, पंचनामा होऊ द्या. गुन्हा ज्यानं केला त्याचा, जमातीचा नव्हे. आणि येत्या हंगामात फडाच्या राखणीला या समाजातली माणसं रीतसर मजुरी ठरवून लावावीत, ही विनंती.